जीवामृताच्या ड्रमला तोटी: गळू नये, तुंबू नये म्हणून

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून आंबवलेलं खत. त्याचा भरलेला 200 लिटरचा ड्रम दोन क्विंटलच्या वर जातो. तो कलता करून बादल्या भरण्यापेक्षा खालून तोटी काढलेली बरी, हे सगळ्यांनाच पटतं. पण बहुतेक शेतांवर ती तोटी आठवडाभरात गळते, नाहीतर काडीकचऱ्यानं तुंबते. दोष जीवामृताचा नसतो, भोकाचा आणि सामानाचा असतो.

ड्रम आधी निवडून घ्या. वरचं झाकण पूर्ण निघणारा, कड्याचा प्लास्टिकचा ड्रम हवा, कारण निप्पल (भिंतीतून आरपार जाणारा आट्यांचा जोड, आत कॉलर आणि बाहेर नट) आतून हात घालून बसवावी लागते. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी नको.

सामान 1 इंची घ्या: यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) टाकी निप्पल, प्लास्टिकचा फुल बोअर (आतली वाट पाइपाएवढीच रुंद असलेला) बॉल व्हॉल्व्ह, एक एल्बो (काटकोनी जोड), 8 सेंटिमीटरचा पाइपचा तुकडा, 3 ते 4 मिलिमीटर जाड मऊ रबरी वायसर आणि टेफ्लॉन टेप. निप्पलच्या आतल्या तोंडाला एल्बो बसतो का, ते दुकानातच लावून बघा; सगळ्या निप्पल सारख्या नसतात. अर्धा इंची नळाची तोटी घेऊ नका, तिच्या आतली वाट अरुंद आणि वळणाची असते, एक काडी अडकली की मागे सगळा गाळ थांबतो. पितळी व्हॉल्व्ह तर नकोच. गोमूत्रातून अमोनिया सुटतो आणि अमोनियानं पितळ हिरवं पडतं, पुढे ताण असलेल्या जागी चिरतं. जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) सामान गंजतं.

आता भोक. तापवलेली सळई खुपसून भोक पाडायची पद्धत सोडा. त्यानं भोक लांबट होतं, कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा उंचवटा राहतो आणि वायसर त्यावर टेकतच नाही. ड्रिल मशीनला होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावून घ्या. फॅब्रिकेशनच्या किंवा प्लंबरच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. 1 इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे 33 मिलिमीटर असतो, म्हणून भोक 34 चं. तरी निप्पल कॅलिपरनं मोजून मगच पाडा, काहींचं अंग जाड असतं. भोकाचा मध्य तळापासून 7 सेंटिमीटरवर ठेवा. त्याखाली ड्रमची गोलाई सुरू होते आणि वायसर सपाट बसत नाही. मशीन हळू फिरवा, नाहीतर प्लास्टिक वितळून दात भरतात. कडेचे कंगोरे पात्यानं आतून-बाहेरून तासून टाका. आधीच सळईनं भोक पाडलेलं असेल तर तेच भोक होल सॉनं मोठं करा आणि सव्वा इंची निप्पल घ्या.

रबरी वायसर आतून, निप्पलच्या कॉलर आणि ड्रमच्या भिंतीमध्ये. इथेच सर्वात जास्त चूक होते. वायसर फक्त बाहेर नटाखाली घातला तर पाणी आट्यांच्या कडेनं वाट काढतं आणि नट कितीही आवळला तरी ठिबकत राहतं. एम-सील, सिलिकॉन, पीव्हीसीचं सोल्युशन यातलं काहीच या ड्रमच्या प्लास्टिकला नीट धरत नाही; गळती थांबवायची ती वायसरच्या दाबानंच. आतून कॉलर धरून ठेवा, बाहेरून नट हातानं घट्ट करा, मग पान्यानं अर्धा ते एक फेरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा आवळा, कारण दाबाखाली हे प्लास्टिक सावकाश सरकतं आणि नट सैल पडतो. आपल्याकडचा एप्रिल-मे लागला की आणखी एकदा तपासा.

व्हॉल्व्ह लावताना आट्यांवर टेफ्लॉनचे 8 ते 10 वेढे, आट्या आवळायच्या दिशेनंच. जोरात आवळला तर व्हॉल्व्हचं तोंड फुटतं. व्हॉल्व्हच्या पुढे लवचिक नळी जोडा, कडक पाइपचा भार निप्पलवर लोंबता ठेवू नका.

तुंबण्यावरचा खरा इलाज आत आहे. निप्पलच्या आतल्या तोंडाला एल्बो वर तोंड करून बसवा आणि त्यात तो 8 सेंटिमीटरचा तुकडा सोल्युशन न लावता नुसता दाबून खोचा. तुकड्याला नायलॉनची दोरी बांधून ती वर काठाला आणा. आता तोटी तळापासून साधारण 15 सेंटिमीटर उंचीवरचं पाणी ओढते, गाळ खाली राहतो. ड्रमचा व्यास 58 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच लिटरांहून थोडं जास्त. खाली 40 लिटर उरतं. ते वाया जात नाही. वरचं पाणी संपलं की दोरी ओढून तुकडा काढा, ढवळा आणि गाळ झाडांच्या आळ्यात सोडा. रोज सकाळ-संध्याकाळ ढवळताना काठी एल्बोला लागू देऊ नका.

भरण्याआधी साधं पाणी भरून एक रात्र ठेवा, खाली कोरा कागद अंथरा. नटाखाली ओल आली तर वायसर, व्हॉल्व्हच्या जोडावर आली तर टेफ्लॉन, दांड्याजवळ आली तर व्हॉल्व्हच खराब.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीचं प्रमाण 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 1 ते 2 किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं आहे. 200 लिटरच्या ड्रमात ते फेसासकट मावत नाही. 160 लिटर पाणी, 8 किलो शेण आणि बाकीचंही त्याच हिशेबानं घ्या. शेण बादलीत हातानं कालवून काड्या वेचून मगच ओता. ड्रम सावलीत, तोंडावर गोणपाट. झाकण आवळून बंद केलं तर गॅसनं फुगतं.

कापसाला किंवा मोसंबीला ड्रिपमधून सोडायचं असेल तर ड्रम एक मीटर उंच ओट्यावर ठेवून भागणार नाही. तेवढ्या उंचीचा दाब 0.1 बार, ड्रिपरला साधारण 1 बार लागतो. तोटीची नळी व्हेंच्युरीला (ड्रिपच्या पाइपातल्या पाण्याच्या ओढीनं द्रव खेचून घेणाऱ्या जोडाला) जोडा. जीवामृत आधी दुपदरी सुती कापडातून गाळा आणि व्हेंच्युरीच्या पुढे 120 मेशचा (बारीक जाळीचा) डिस्क फिल्टर ठेवा. सोडून झालं की अर्धा तास साधं पाणी चालवा.

प्रत्येक ड्रम संपल्यावर तोटी उघडी ठेवून आतून पाणी मारा आणि व्हॉल्व्ह दोन-तीन वेळा उघडबंद करा. बॉलच्या मागे गाळ वाळला तर पुढच्या वेळी दांडा फिरत नाही, आणि जोर लावला की तो मोडतो.