चलन लिहिता येत असेल तर ८५६ वाचता येईल: ईडीआयमधली पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी

बी.कॉम. झाल्यावर मी चाकणमधल्या एका प्रेस पार्ट बनवणाऱ्या व्हेंडर कंपनीत डिस्पॅचला लागले. कस्टमरचं शेड्यूल बघायचं, तयार माल मोजून घ्यायचा, चलन म्हणजे मालासोबत जाणारा कागद करायचा, गाडी भरली की गेट पास द्यायचा. अडीच वर्षं हेच केलं. पुढे ईडीआयच्या नोकरीसाठी अर्ज करताना ही अडीच वर्षं बायोडेटातून काढून टाकायची माझी तयारी होती. आयटीच्या नोकरीत चलन कोण विचारणार, असं वाटायचं. आता मी स्वतः नव्या मुलांच्या मुलाखती घेते आणि त्यांच्यात सगळ्यात आधी तेच शोधते.

ईडीआय (इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज) म्हणजे दोन कंपन्यांच्या संगणकांनी ठरलेल्या नमुन्यात एकमेकांना व्यवहाराचे कागद पाठवणं. अमेरिकेत मुख्यतः एक्स१२ नावाचा नमुना चालतो, त्याची समिती १९७९ सालची. युरोपात आणि इतर बऱ्याच ठिकाणी १९८७ पासूनचं एडिफॅक्ट. एक्स१२मध्ये कागदांना नंबर आहेत: ८५० म्हणजे ऑर्डर, ८५५ म्हणजे ऑर्डरला उत्तर, ८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, जिला सगळे एएसएन म्हणतात, आणि ८१० म्हणजे बिल. चाकणला आम्ही ज्याला शेड्यूल म्हणायचो ते इथे ८३०, एडिफॅक्टमध्ये डेलफॉर. हे कळलं तेव्हा माझी अर्धी भीती गेली. कागद ओळखीचेच होते, फक्त त्यांची लिपी नवी होती.

माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या सरांनी एका ८५६ची प्रिंट पुढे केली आणि विचारलं, "यात काय दिसतं?" मी महिनाभर क्लासच्या नोट्स पाठ केल्या होत्या, पण त्या क्षणी काही आठवेना. पानावर एचएलच्या, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या ओळी पुन्हापुन्हा येत होत्या आणि प्रत्येकीत एक अक्षर होतं: एस, ओ, पी, आय. बघताबघता लक्षात आलं: गाडी, गाडीत ऑर्डर, ऑर्डरमध्ये पेटी, पेटीत नग. मी तसंच मराठी-इंग्रजी मिसळून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पेटीच्या ओळीतला हा १८ अंकी नंबर चुकला तर?" मी म्हटलं, "पेटीवरचं लेबल स्कॅन होईल, पण कागदाशी जुळणार नाही. गाडी थांबेल." आमच्या कस्टमरच्या गेटवर चलन आणि माल जुळला नाही की गाडी तासन् तास उभी राहायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अमेरिकेतले मोठे रिटेलर अशा चुकीसाठी सप्लायरच्या बिलातून दंड कापतात, त्याला चार्जबॅक म्हणतात, हे त्या दिवशी सरांकडून कळलं. नोकरी मिळाली.

म्हणून टूलच्या मागे लागण्याआधी कागद शिका. जाहिरातीत आयबीएम स्टर्लिंग, सीबर्गर, बूमी, सॅप अशी सॉफ्टवेअरची नावं असतात आणि मुलं त्यांनीच घाबरतात. स्टर्लिंग घरी बसवून शिकण्यासारखं नाही आणि फ्रेशरकडून तशी अपेक्षाही नसते. पण ८५० डोळ्यांनी वाचता यायलाच हवी.

सराव असा करा. अमेरिकेतल्या बऱ्याच रिटेलरांची सप्लायरसाठीची ईडीआय नियमपुस्तिका इंटरनेटवर उघड मिळते. एखादी उतरवून घ्या. तिच्यातला नमुना बघून नोटपॅड प्लस प्लसमध्ये स्वतःच्या हाताने एक ८५० लिहा, तीन आयटमची. पहिली ओळ आयएसए, म्हणजे फाइलचं पाकीट सुरू करणारी. ती ठरलेल्या लांबीची असते, शेवटच्या खुणेसकट बरोबर १०६ अक्षरं. चौथं अक्षर म्हणजे रकाने वेगळे करणारी खूण आणि १०६वं म्हणजे ओळ संपल्याची खूण. फाइल उघडताना सॉफ्टवेअर हेच आधी बघतं. एक स्पेस कमी पडली की पुढचं सगळं सरकतं. एसटीची ओळ कागद सुरू करते, एसईची संपवते. एसईच्या ओळीत त्या कागदातल्या एकूण ओळींची संख्या येते आणि त्यात एसटी आणि एसई या दोन्ही धरायच्या असतात. आयएसएमधला नऊ अंकी कंट्रोल नंबर पाकीट बंद करणाऱ्या शेवटच्या ओळीत, आयईएमध्ये, तोच यायला हवा. ८५० झाली की तिच्यावरून ८५५, ८५६, ८१० लिहा. मग एक्सेलमध्ये डावीकडे फाइलमधली जागा, उजवीकडे तुमच्या मनातल्या कंपनीच्या ऑर्डर फॉर्ममधला रकाना, असा तक्ता करा. मॅपिंग स्पेसिफिकेशन म्हणतात ते मुळात हेच. बॉट्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पायथन येत असेल तर त्यावर फाइल चालवूनही बघता येईल. हा तक्ता आणि चार फाइली मुलाखतीला घेऊन आलेला उमेदवार मी कोरा परत पाठवत नाही.

आता पोचपावत्यांबद्दल, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडतो. त्या तीन आहेत. एएस२ने, म्हणजे इंटरनेटवरून फाइल पाठवायच्या एका ठरलेल्या पद्धतीने, फाइल पाठवली की एमडीएन येतं. त्याचा अर्थ एवढाच की पाकीट पोचलं. मग ९९७ येतं: पाकीट उघडलं, कागद नियमात बसतो किंवा बसत नाही. आणि ८५५ म्हणजे समोरच्या माणसाचं व्यवहारातलं उत्तर: माल देतो, कमी देतो, किंवा या भावात देत नाही. ९९७ आलं म्हणून ऑर्डर मान्य झाली, असं मुलाखतीत म्हणालात तर पुढचे प्रश्न अवघड जातील.

हे मी स्वतः महाग पडून शिकले. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात, रात्रपाळीत, एका क्लायंटच्या काही ८५६ अडकलेल्या दिसल्या. मी सगळ्या निवडून पुन्हा पाठवल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आधीच पोचल्या होत्या, फक्त आमच्या स्क्रीनवरचं स्टेटस बदललं नव्हतं. समोरच्या गोदामात एकाच गाडीच्या दोन-दोन सूचना गेल्या आणि सकाळी तिथली माल उतरवणारी माणसं खोळंबून बसली. कोणी मला ओरडलं नाही, पण त्या माणसांचा विचार करून दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून समोरून त्या कंट्रोल नंबरचं ९९७ आलंय का हे तपासल्याशिवाय मी एकही फाइल पुन्हा पाठवलेली नाही.

नोकरी शोधताना नुसतं "ईडीआय" टाकून थांबू नका. हेच काम बीटूबी इंटिग्रेशन, ट्रेडिंग पार्टनर ऑनबोर्डिंग, इंटिग्रेशन सपोर्ट अशा नावांनीही निघतं. सॅपवाल्या कंपन्यांत आयडॉक सपोर्ट म्हणतात; आयडॉक म्हणजे सॅपचा स्वतःचा कागदाचा नमुना. तिथे स्टेटस ५१ म्हणजे आयडॉक सॅपमध्ये आला पण पोस्ट झाला नाही, ५३ म्हणजे झाला. ५१चं कारण पुष्कळदा मास्टर डेटात असतं: कस्टमरचा आयटम कोड आपल्या कोडला जोडलेलाच नसतो. पुण्या-मुंबईत पहिलं दार बहुधा सपोर्टचंच असतं आणि क्लायंट अमेरिकेतला असेल तर रात्रपाळीही येते. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा.

काही क्लास "तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो" म्हणतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. कंपन्या जुन्या नोकऱ्यांची पडताळणी करतात आणि त्यात पकडलेल्या मुलाची लागलेली नोकरी गेलेली मी पाहिली आहे. फार हुशार मुलगा होता. खरं सांगितलं असतं तर त्याला फ्रेशर म्हणून कुणीही घेतलं असतं.

त्यापेक्षा तुमच्याकडे खरं काय आहे ते बघा. न्हावाशेव्याला कस्टम एजंटकडे किंवा शिपिंग लाइनच्या ऑफिसात काम केलं असेल, तर शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, आइसगेट तुमच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. कंटेनरचे एडिफॅक्ट मेसेज, कोपार्न, कोडेको, बॅपली, तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजतील. अमेरिकन मेडिकल बिलिंगच्या बीपीओत असाल तर ८३७ म्हणजे तुमचा क्लेम आणि ८३५ म्हणजे त्याच्या पैशांचा हिशोब. बायोडेटात हे सगळ्यात वर लिहा.

आणि मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतील, तेव्हा तीन गोष्टी विचारा. क्लायंट कोणत्या धंद्यातला आहे, रिटेल, ऑटो की हेल्थकेअर? सपोर्टमध्ये किती दिवसांनी मॅपिंगला हात लावायला मिळतो? आणि पहिले काही आठवडे रात्रपाळीत शेजारी बसून शिकवणारं कोणी असेल का?