चिअरलीडिंग स्पर्धेचा खर्च : भरिताच्या ऑर्डरी आणि अर्धे तिकीट

गणवेश, पॉम-पॉम, प्रवेश फी, प्रवास. मुलगी संघात निवडली गेली की हा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. दरडोई वर्गणीपेक्षा आधी हे करा.

१. हिवाळ्यात भरिताच्या आगाऊ ऑर्डरी घ्या. भरिताची हिरवी वांगी बाजारातून किरकोळ न घेता थेट शेतातून क्रेटने उचला. भाजून, साल-देठ काढून १ किलोचं साधारण ६०० ग्रॅमच उरतं. भाव याच वजनावर धरा, नाहीतर नफा वांग्यातच जातो. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या शेतकरी बहुधा फुकट देतात, चवही त्या काड्यांचीच. पैसे ऑर्डरसोबतच घ्या आणि तेवढंच भाजा. उरलेलं भरीत दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही.

२. गणवेशासाठी लायक्राचं (ताणलं जाणारं) कापड सुरतेहून संघाचं एकत्र, एकाच ताग्यातलं आणा, म्हणजे रंगात फरक पडत नाही. शिवताना बाजूला इंचभर माया ठेवायला सांगा. वाढत्या वयाच्या मुलींना तोच गणवेश पुढच्या वर्षीही होतो.

३. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. मुली आणि सोबतच्या आया नेहमीच्या गाडीने गेल्या तर मोठी बचत होते. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, हे हिशोबात धरा.

जपायचं एकच: जमलेले पैसे कोणा एकाच्या फोनवर घेऊ नका. दोन पालकांच्या संयुक्त खात्यात टाका आणि प्रत्येक रकमेची पावती फाडा.