पाण्याच्या पिशवीचा कुबट वास असा गेला

मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या आसपास. पहाटे पाचला सायकलवर निघालो तरी रामटेकहून परतताना ऊन गाठतंच. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, दोन बाटल्या पुरत नाहीत. म्हणून पाठीवर अडकवायची २ लिटरची पाण्याची पिशवी घेतली, तिच्या नळीचं रबरी तोंड दातांत चावलं की पाणी येतं. ३ लिटरची मुद्दाम टाळली, तेवढ्या ओझ्यानं कंबर धरते.

महिनाभरात पाण्याला कुबट वास. नळी उजेडात धरली तर चावायच्या तोंडापाशी काळे ठिपके. बुरशी! लिंबूसरबत भरून पिशवी तशीच पडली होती. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पिशवी आणि नळी भरली, अर्धा तास ठेवली. मग जाड नायलॉन दोऱ्याला कापडाची गाठ मारून नळीतून तीनदा ओढली. पहिल्यांदा गाठ काळी निघाली. तोंडाचं रबर काढून वेगळं घासलं. वाळवताना आत लाकडी चमचा उभा ठेवतो, बाजू चिकटत नाहीत. वाळली की फ्रीझरमध्ये, म्हणजे बुरशी वाढत नाही.

आता पिशवीत फक्त साधं पाणी, मीठ-साखरेचं बाटलीत. आणि घोट घेतला की नळीत फुंकून पाणी मागे ढकलायचं, नाहीतर कामठीपर्यंत पुढचा घोट चहासारखा गरम लागतो.