पुस्तकाच्या दुकानात मुलांना गोष्ट वाचून दाखवायची तर

माझी पुस्तकं आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. हे वय फार लबाड! चित्रांची पुस्तकं 'बाळांची' वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या जड जातात.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात कार्यक्रम करायचा असेल तर जून टाळा. शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत तुमचा आवाज कोण ऐकणार? रविवारी सकाळी अकरा बरे. खुर्च्या नकोत, सतरंजी घाला. खुर्च्यांवर आई-बाबाच बसतात आणि मुलं मागे राहतात.

पहिलं प्रकरण वाचू नका. त्यात पात्रांची ओळखच जास्त असते. मधला, कुणीतरी अडकलंय असा प्रसंग घ्या, सात मिनिटं वाचा आणि ऐन रंगात पुस्तक मिटा. "पुढे काय झालं?" असा गलका झाला की पुस्तक खपलंच समजा. घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. मी पहिल्यांदा बावीस मिनिटं वाचलं होतं, तेव्हा समोरचा एक मुलगा चक्क झोपला.

सही करताना नाव आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. 'श्रुति' की 'श्रुती', यावरून एक प्रत माझ्याकडेच राहिली आहे.