कॅरोटिडमध्ये गुठळी करून बघताय? या चुका टाळा

गुठळी रोखणारं औषध तपासायला रॅटच्या मानेतली कॅरोटिड धमनी उघडायची, फेरिक क्लोराईडात (धमनीला इजा करून गुठळी आणणारं केमिकल) भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी तिच्यावर ठेवायची आणि रक्त वाहायचं किती मिनिटांत थांबतं ते डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह मोजणारं यंत्र) बघायचं, वाचताना एवढंच वाटतं. नाशिकला आमच्या लॅबमध्ये पहिल्याच कंट्रोल ग्रुपमध्ये (तुलनेसाठीचा, औषध न दिलेला गट) एकाची धमनी 9 मिनिटांत बंद आणि दुसऱ्याची 30 मिनिटं झाली तरी चालूच, आणि औषध तर अजून कोणाला दिलंच नव्हतं! तेव्हापासून मी कंट्रोलचे आकडे जवळजवळ येईपर्यंत औषधाची बाटली उघडत नाही.

सगळ्यात आधी केमिकलची बाटली बघा. फेरिक क्लोराईड दोन प्रकारचं मिळतं, बिनपाण्याचं आणि हेक्साहायड्रेट, आणि हेक्साहायड्रेटमध्ये खरं फेरिक क्लोराईड साधारण 60 टक्केच असतं, म्हणजे रिसर्च पेपरात 35 टक्के लिहिलंय म्हणून तुम्ही 35 ग्रॅम तोललं आणि प्रकारच बघितला नाही तर इजा कमी होणार आणि गुठळी उशिरा येणार. त्यात आपल्याकडचा पावसाळा, जुलैमध्ये झाकण नीट लागलं नसेल तर बिनपाण्याची पावडर हवेतलं पाणी ओढून चिकट होते, मग वजन काट्यावर बरोबर दिसतं पण असतं चुकीचं. तोलताना घाई करा, झाकण लगेच लावा, सोल्युशन त्याच दिवशी बनवा.

पट्टी ठेवायच्या आधी धमनी कोरडी हवी. खाली थोडं जरी सलाईन किंवा रक्त साचलं असेल तर फेरिक क्लोराईड पातळ होतं, कापसाने हलकेच टिपून घ्या. पट्टीचा साईज, भिजवायचं प्रमाण आणि ठेवायचा वेळ सगळ्या प्राण्यांना सारखाच ठेवा, अंदाजपंचे नको. आणि शेजारी व्हेगस नर्व्ह असते, ती ओढली गेली की हार्ट रेट पडतो आणि फ्लो कमी झाला तो गुठळीमुळे की आपल्या चिमट्यामुळे हे कळतच नाही. धमनी ओढली तरी आकसते, म्हणून डॉप्लरचा प्रोब लावल्यावर थोडं थांबा, फ्लो स्थिर झाला की मगच पट्टी.

जानेवारीत आमच्याकडे पारा 10 च्या खाली जातो, आणि भूल दिलेला रॅट तर उन्हाळ्यातसुद्धा पटकन थंड पडतो. थंड प्राण्यात गोठायची क्रिया मंदावते, मग वाटतं औषध लागू पडलं. हीटिंग पॅड आणि रेक्टल थर्मामीटर हवाच, 37 डिग्री धरा. भूल पण सगळ्या ग्रुपला एकच, झायलाझिन या भुलीच्या औषधाने हार्ट रेट उतरतो हे लक्षात असू द्या.

फ्लो बंद म्हणजे नक्की काय हे आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ शून्य होऊन 1 मिनिट शून्यच राहिला तर. कारण गुठळी सुटते आणि फ्लो परत येतो. वेळ बघणाऱ्याला ग्रुप माहीत नको. 30 मिनिटांत बंद न झालेल्यांना 30 धरून सरसकट सरासरी काढू नका, सर्व्हायव्हलचं गणित करा, म्हणजे त्यांना 'अजून बंद न झालेले' असंच धरणारं.

गोठण्याच्या टेस्टसाठी रक्त काढताना 1 भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं) आणि 9 भाग रक्त, नळीत रक्त कमी भरलं तर एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी टेस्ट) उगाच लांबतं.

आणि हात बसवायला एथिक्स कमिटीने मंजूर केलेले मोजके प्राणी वाया घालवू नका हो, दुसऱ्या मंजूर प्रयोगात आधीच मेलेल्या रॅटवर मानेचं डिसेक्शन करत रहा, व्हेगस न ओढता धमनी सुटी करता येईपर्यंत.