मॉरिशसला गेलात तर एक दिवस समुद्राकडे पाठ करा

मॉरिशसच्या पॅकेजमध्ये 'साउथ टूर' हमखास असते. सकाळी उशिरा बस निघते. क्यूरपीपचं ज्वालामुखीचं मुख, छोट्या जहाजांचं दुकान, आणखी एखादं दुकान, गंगा तलाव, जेवण आणि शेवटी शामारेलची सप्तरंगी माती. सगळ्या बसा एकाच क्रमाने फिरतात, त्यामुळे जिथे जाल तिथे आपलीच माणसं फोटोसाठी रांगेत. ही टूर घेऊ नका. ड्रायव्हरसह गाडी ठरवा आणि हाच भाग उलटा फिरा. मी शिरोळ तालुक्यातला ऊसवाला, त्यामुळे माझी नजर शेताकडे जास्त जाते. पण ज्याचा शेतीशी संबंध नाही त्यालाही हा दिवस आवडेल, याची मला खात्री आहे.

गाडी ठरवताना दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक, दुकानं नकोत. आम्हाला एका ड्रायव्हरने 'दहाच मिनिटं' म्हणून दोन दुकानांत नेलं आणि सकाळचा चांगला तास तिथेच गेला. दोन, रस्त्यात म्हणेल तिथे गाडी थांबवायची. स्वतः चालवणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. परवान्याचं मात्र गाडी देणाऱ्याला आधी विचारा. वार कामाचा निवडा. रविवारी दुपारनंतर गावाकडची दुकानं बंद होतात.

पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला राहत असाल तर लवकर निघा आणि आधी शामारेल गाठा. धबधबा आणि सप्तरंगी माती एकाच आवारात आहेत. धबधबा शंभरेक मीटरचा, सरळ कड्यावरून पडणारा. मातीचे रंग लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे: बेसाल्ट कुजून त्याची माती झाली आणि तांबडे, तपकिरी, जांभळट पट्टे उमटले. सकाळच्या तिरक्या उन्हात ते वेगवेगळे दिसतात. बसा येईपर्यंत तुम्ही बाहेर पडलेले असता.

पुढचा रस्ता प्लेन शांपाञ्यच्या जंगलातून चढतो. हा ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग. दरीच्या कठड्याशी थांबा आणि घाई करू नका. लांब पांढऱ्या शेपटीचे पक्षी खालच्या हिरव्या दरीत घिरट्या घालतात. मॉरिशसचा छोटा ससाणाही याच जंगलातला. 1974 साली रानात अवघे चार उरले होते, तिथून माणसांनी तो पुन्हा वाढवला. मे-जूनच्या सुमारास गेलात तर रस्त्याकडेला लहान लाल पेरू दिसतील, मीठ-तिखट लावून खायचे. स्वेटर बरोबर असू द्या. तिकडे जून-जुलै हिवाळा असतो आणि पठारावर केव्हाही पाऊस येतो.

तिथून गंगा तलाव जवळच. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे पाणी. 1972 साली गोमुखाहून गंगाजल आणून त्यात मिसळलं. काठावरचा शंकर 108 फुटांचा आहे, पण लोक पुतळ्याशी फोटो काढून निघतात आणि तलावाच्या पायऱ्यांवर बसायचं राहून जातं. तुम्ही बसा. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र बेटभरचे लोक कावडी घेऊन चालत येतात. दर्शनाला येत असाल तर उत्तमच, फिरायला म्हणून ते दिवस टाळा.

जेवायला हॉटेलात बसू नका, धोल पुरी खा. गावाच्या चौकात काचेच्या पेटीमागे उभा असलेला माणूस शोधा, त्याच्यापुढे स्थानिक लोकांची रांग असली की झालं. डाळ शिजवून, वाटून, हळद-जिऱ्यासह कणकेत भरून लाटलेली ही पोळी, पुरणपोळीसारखी मऊ पण तिखटामिठाची. जोडीनेच मिळते. एकावर एक ठेवून तो त्यात मोठ्या पांढऱ्या घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची रुगाय आणि चटणी घालतो, गुंडाळतो आणि कागदात देतो. मिरचीचं विचारेल, तिला तिकडे पिमां म्हणतात आणि ती खरोखर तिखट असते. सुटे पैसे जवळ ठेवा. शाकाहारी माणसाचं पोट यात नीट भरतं.

मग बोआ शेरीचा चहा. मळे 1892 पासूनचे. पान सुकवण्यापासून पुडा भरेपर्यंत कारखाना बघता येतो, पण तो रोज चालू असेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. व्हॅनिलाचा चहा तिथेच चाखून मग विकत घ्या.

बोआ शेरीहून दक्षिण किनाऱ्यावरच्या सुयाकला उतरताना दोन्ही बाजूंना ऊस लागतो. याच्यासाठी मी हा दिवस आखतो. आपल्या साखर कारखान्यांचे बॉयलर थंड झाले की दोनेक महिन्यांत त्यांचा हंगाम सुरू होतो, जून ते डिसेंबर. त्या काळात गेलात तर तोडलेल्या रानांमुळे डोंगर दूरवर मोकळे दिसतात. मार्च-एप्रिलात उभ्या उसाच्या भिंतींमधून गाडी जाते. शेतात मधेच काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतील, पायऱ्यांसारखे रचलेले. तिथे गाडी थांबवा, खाली उतरा. रान ज्वालामुखीचं, जिथे कुदळ मारावी तिथे बेसाल्ट. तो मजुरांनी हातांनी वेचला, डोक्यावरून वाहिला आणि शेतातच रचला, तेव्हा कुठे सरी निघाली. एक एक दगड दोन माणसांनी उचलावा असा. ढिगाच्या सांध्यांतून आता गवत आणि झुडपं वाढली आहेत आणि ऊस त्याला वळसा घालून लावलेला असतो. आमच्याकडे काळ्या रानात दगड लागला तर आम्ही कुरकुरतो. इथे माणसं त्या कामाला पाच-पाच वर्षांच्या करारावर आणली गेली. 1834 पासून सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले, त्यांत रत्नागिरीकडची आपली माणसंही होती. त्यांनी आणलेला गणपती आजही तिथे घरोघरी बसतो, चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हेन्रिएटा गावात 1896 पासून तो पुजला जातो असं सांगतात. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर तारखा चतुर्थीला जुळवा आणि विसर्जनाला जा. मराठीत बोलून बघा. शाळेत शिकलेली मुलं उत्तर देतात.

सुयाकजवळ रोचेस्टर धबधबा आहे, उसातल्या कच्च्या वाटेने जावं लागतं. उंची फार नाही, पण लाव्हा थंड होताना दगडाला उभ्या चिरा पडून खांब तयार झाले आहेत, ते बघण्यासारखे. चिखल असेल तर चप्पल काढून चाला, निसरडं असतं. ग्री-ग्रीला फक्त कड्यावरून समुद्र बघायचा. तिथे प्रवाळाचा बांध नाही, लाटा थेट खडकावर आपटतात. पाण्यात पाऊल घालू नका, मुलांचा हात सोडू नका.

परतताना हमरस्ता न धरता बे-दु-कापवरून किनाऱ्याचा रस्ता घ्या. माकोंदेच्या वळणावर पायऱ्या चढून वर गेलं की खालची कोळ्यांची वस्ती आणि खाडी दिसते, पुढे ल मोर्नचा 556 मीटरचा डोंगर. हा रस्ता अरुंद, वळणाचा, काही ठिकाणी समुद्राला अगदी चिकटून. जून-जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चार-साडेचारला सुयाक सोडाच. उशीर झाला तर ग्री-ग्री वगळा, माकोंदे वगळू नका.