माफीच्या साक्षीदाराला दुजोरा शोधताना या चुका टाळा

कंपनीतल्या अफरातफरीचा खटला हाती आला की ज्युनिअर वकील मंडळी आधी माफीच्या साक्षीदाराचा, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणाऱ्या आरोपीचा, जबाब काढतात. सगळी हकिगत तिथं सलग मिळते. बाकीच्या हजारभर पानांचा मग कुणाकडून तरी सारांश मागवला जातो. मला याचा मनापासून राग येतो, आणि त्याला कारण आहे.

खोट्या खरेदी बिलांच्या एका खटल्यात मी फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना मदत करत होतो. हिशेबनीस माफीचा साक्षीदार झाला होता. माल कधी आलाच नाही, पैसे मात्र चुकते झाले, असं तो सांगत होता, आणि तो खरं बोलत होता याबद्दल मला आजही शंका नाही. जोडीला आम्ही खतावणी, व्हाउचर, ईमेल आणि त्याच्या हाताखालच्या कारकुनाची साक्ष ठेवली. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी आवाजसुद्धा चढवला नाही. खतावणीतली नोंद कुणाची? ‘माझी.’ व्हाउचर? ‘मीच लिहिलं.’ ईमेल? ‘मीच पाठवला.’ कारकुनाला हे कुणी सांगितलं? हिशेबनीस खाली बघत राहिला. आमचे चारही आधार त्या एकाच माणसापाशी येऊन संपत होते.

दोषारोपपत्रात गेटवरच्या रखवालदाराचा दीड पानी जबाब होता. त्यात एक ओळ होती : आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची मी वहीत नोंद करतो. ती वही जप्त झाली नव्हती, आणि मी ती ओळ वाचली नव्हती. वही मागेपर्यंत ती रद्दीत गेली होती. मुख्य आरोपी सुटला.

दुजोरा स्वतंत्र ठिकाणाहून यायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्येच रामेश्वर खटल्यात सांगितलं आहे. १९५७ च्या सरवन सिंग निकालानं क्रमही लावून दिला : माफीचा साक्षीदार आधी स्वतः विश्वासार्ह ठरला पाहिजे, दुजोऱ्याचा प्रश्न त्यानंतरचा. ती गेटवरची वही हुकली तेव्हापासून मी प्रत्येक कागदाच्या झेरॉक्समागे पेन्सिलीनं लिहितो : कुणी केला, कधी केला, कुणाच्या ताब्यात होता. एकच नाव पुन्हा पुन्हा आलं की वजनकाट्याच्या पावत्या, ई-वे बिलं, बँकेचे उतारे शोधायला निघतो.

दुसरी चूक म्हणजे कबुलीवर विसंबणं. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं : पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. यापुढे सिद्ध करायला काय उरलं, असं ज्युनिअर विचारतात. बरंच उरलं होतं. पत्र एकाचं होतं, आणि ९ एप्रिल २०१५ ला हैदराबादच्या विशेष न्यायालयानं दोषी ठरवले दहा जण. बाकीच्या नऊ जणांविरुद्ध ते पत्र एकटं टिकलं नसतं. बँकेत पैसे होते की नाही, ते बँकेच्या नोंदीतूनच दाखवा. बँकर्स बुक्स कायदा १८९१ पासून आहे, प्रमाणित नक्कल मिळते.

साक्षीदाराला घाम फुटला म्हणून तो खोटा ठरत नाही. कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलेला कारकून घाबरणारच. मला जास्त शंका येते ती सहा वर्षांपूर्वीचे आकडे कागद न बघता पैशापर्यंत सांगणाऱ्याची. याउलट तारखेत दोन दिवसांचा फरक पडला म्हणून साक्ष कोसळली असं समजू नका.

व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट छापून जोडू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या खोतकर निकालानंतरही (तो जालन्याच्या निवडणूक वादातून आला) बिनप्रमाणपत्राचे प्रिंट मला दर महिन्याला दिसतात. आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, त्यातला दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावीच लागते. मोबाइल जप्त झाला त्याच आठवड्यात हे करून घ्या.